रयतेचा किल्ला

किल्ला म्हटला की त्याच्यामागे राजा आला, निदान एखादा मातब्बर सरदार तरी आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि दुर्गांच्या या देशात ती दृढ झाली असल्यास नवल नाही. परंतु युरोपच्या आग्नेय भागात, कार्पेथियन पर्वताच्या कमानीने पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून कवेत घेतलेल्या ट्रान्सिल्व्हेनिया नावाच्या प्रांतात, मध्ययुगाच्या उत्तरार्धात शेकड्यांनी असे कोट उभे राहिले, की ज्यांचा धनी राजाही नव्हता आणि सरदारही नव्हता. ते शेतकऱ्यांनी आपल्या श्रमाने व आपल्या खर्चाने बांधले, त्यांच्या तटावर शेतकऱ्यांनीच पहारे दिले, आणि त्यांच्या मध्यभागी राजवाडा वा सदर नसून गावचे चर्च होते. यांतील सुमारे दीडशे आजही रुमानियात उभे आहेत. त्यांची कथा मुख्यतः एका गावाच्या आधाराने सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्या गावाचे रुमानियन नाव प्रेझ्मेर, आणि ज्यांनी ते वसवले त्या जर्मन रयतेच्या भाषेतले नाव टार्टलाऊ.

बाराव्या शतकाच्या मध्यास हंगेरीच्या गादीवर दुसरा गेझा हा राजा होता. राज्याची पूर्व सरहद्द विरळ वस्तीची, अरण्याने वेढलेली आणि स्टेपच्या मैदानातून येणाऱ्या घोडेस्वारांना सदैव मोकळी अशी होती. सरहद्द राखायची तर तिथे माणसे हवीत, आणि माणसे टिकवायची तर त्यांना जमीन व अभय दोन्ही द्यायला हवे, हा विचार करून त्याने ऱ्हाइन व मोझेल या नद्यांच्या खोऱ्यांतून, लक्झेंबर्ग व फ्लँडर्स या भागांतून कुणबी आणि कारागीर बोलावून आणले. पुढे या सर्वांना मिळून सॅक्सन हे एकच नाव पडले. हजार मैलांची वाट बैलगाड्यांनी तुडवून आलेल्या या लोकांनी जंगल तोडले, नांगर धरला, आणि दोन पिढ्यांत त्या मुलखाचा महसूल राजाच्या डोळ्यांत भरण्याइतका वाढला.

इ. स. १२२४ मध्ये दुसरा आंद्राश या राजाने त्यांना एक सनद दिली. पुढच्या सर्व इतिहासाचे मूळ या सनदेत असल्यामुळे तिच्यातील कलमांपाशी थोडे थांबले पाहिजे. सॅक्सनांनी सर्वांनी मिळून दरसाल पाचशे मार्क चांदी सरकारात भरावी. राज्याच्या हद्दीतील मोहिमेस पाचशे आणि परमुलखातील मोहिमेस, राजा जातीने असेल तर शंभर, सरदार असेल तर पन्नास शिपाई द्यावेत. याच्या मोबदल्यात त्यांनी आपले न्यायाधीश आणि आपले धर्मगुरू स्वतः निवडावेत, दशमांश आपल्याच धर्मगुरूंस द्यावा, त्यांच्या व्यापाऱ्यांना जकात माफ असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, राजाच्या मर्जीतल्या एखाद्या सरदाराने त्यांच्या मुलखातले गाव इनाम मागितले तर त्यास हरकत घेण्याचा अधिकार त्यांना असावा. या शेवटच्या कलमाने त्या भूमीवर जहागीरदार उत्पन्नच होऊ दिला नाही. सभोवतालच्या मुलखात कुळे वेठीला जुंपली जात असताना येथे स्वतंत्र शेतकऱ्यांची गावे राहिली. पण ज्या गावाला जहागीरदार नाही त्याला जहागीरदाराचा किल्लाही नाही. शत्रू आला तर आपले रक्षण आपणच करायचे, हा त्याच सनदेचा दुसरा, न लिहिलेला अर्थ होता.

प्रेझ्मेर ज्या प्रदेशात आहे तो बुर्त्सेनलांडचा सपाट, सुपीक मुलूख आंद्राशने १२११ मध्ये ट्यूटॉनिक पंथाच्या योद्ध्यांच्या स्वाधीन केला होता. हे योद्धे धर्मव्रत घेतलेले असले तरी त्यांची महत्त्वाकांक्षा ऐहिक होती. राजाला डावलून स्वतंत्र राज्य स्थापण्याचा त्यांचा बेत दिसू लागताच १२२५ मध्ये राजाने फौजेनिशी त्यांना हाकून लावले. प्रेझ्मेरच्या चर्चचा पाया त्यांच्याच काळात पडला असे मानतात. १२४० मध्ये बेला चौथा या राजाने या भागातील काही चर्चे, त्यांत प्रेझ्मेरचेही, सिस्टर्शियन पंथाच्या मठवासीयांकडे सोपवली, आणि साधेपणाचे व्रत पाळणाऱ्या या पंथाची मुद्रा त्या वास्तूवर कायमची उमटली. चर्चची आखणी समभुज क्रुसाची, म्हणजे चारही बाहू मुळात सारख्या लांबीचे. मध्यावर अष्टकोनी मनोरा. आत कमानींच्या फासळ्यांनी तोललेले छत, निमुळत्या उंच खिडक्या, आणि अलंकरणाचा मोह जवळजवळ कोठेच नाही. या आखणीची चर्चे त्या प्रांतात अत्यंत विरळ आहेत. पंधराव्या शतकाच्या मध्यास वेदीमागे ख्रिस्ताच्या छळाचे आणि क्रुसारोहणाचे प्रसंग रंगवलेला घडीचा चित्रफलक बसवला गेला. ट्रान्सिल्व्हेनियात टिकून राहिलेल्या अशा फलकांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक आहे.

१२४१ मध्ये मोंगलांची धाड आली आणि लाकडाची घरे, लाकडाची कुंपणे, लाकडाची तकलादू सुरक्षितता, सारे एका ऋतूत भस्म झाले. दगडी बांधकामाचे महत्त्व सॅक्सनांना तेव्हा पटले खरे. पण गावोगावचे चर्च किल्ल्यात रूपांतरित झाले ते त्यानंतर दीडदोनशे वर्षांनी, तुर्कांच्या भयाने.

हे भय कोणत्या जातीचे होते ते समजल्याशिवाय त्या तटबंदीची रचना समजत नाही. १३९५ पासून ओटोमन सुलतानाच्या फौजा वालाखियाच्या बाजूने खिंडी ओलांडून बुर्त्सेनलांडात उतरू लागल्या. १४२१ मध्ये ब्राशोव्ह शहर लुटले गेले. १४३२ मध्ये पुन्हा मुलूख जाळला गेला. १४३८ मध्ये तर सुलतान दुसरा मुराद स्वतः मोठी फौज घेऊन आला. एरवीच्या स्वाऱ्यांत पुढे असत ते अकिंजी नावाचे हलके घोडेस्वार. त्यांना मुलूख जिंकून ठाणी बसवायची नसत. धान्य, गुरे आणि विशेषतः माणसे पकडून न्यायची असत. त्यांच्याजवळ भिंती फोडण्याच्या जड तोफा नसत आणि महिनोन्‌महिने मोर्चे लावून बसण्याइतकी उसंतही नसे. म्हणून गावाला शाही किल्ल्याइतका अभेद्य कोट नको होता. सारे गाव, गुराढोरांसह, घटकाभरात आत जाईल आणि काही दिवस, फार तर काही आठवडे, दम धरील एवढा कोट पुरेसा होता. दख्खनमध्ये पेंढाऱ्यांच्या काळात गावकुसाची जी उपयुक्तता होती तीच ही.

कोटाबाहेर सापडलेल्याचे, किंवा अपुऱ्या कोटात सापडलेल्याचे, काय होई ते एका मुलाच्या हकिकतीवरून कळते. १४३८ मध्ये सेबेश गावी शिकायला राहिलेला पंधरा-सोळा वर्षांचा एक विद्यार्थी होता. मुरादाच्या फौजेने वेढा घालताच गावाने वाटाघाटी करून शरणागती पत्करली. पण थोड्या लोकांना ती मान्य झाली नाही आणि ते एका बुरुजात शिरून लढले. हा मुलगा त्यांच्यात होता. दिवस मावळेपर्यंत बुरूज हाती येईना, तेव्हा शत्रूने भोवती लाकडांची रास रचून तो पेटवला. आतले बहुतेक मेले; जे अर्धवट होरपळून जिवंत राहिले त्यांना बाहेर ओढून, बेड्या घालून, गुलामांच्या बाजारात विकण्यात आले. हा मुलगा वीस वर्षे दास्यात राहिला, अनेकदा पळाला, अनेकदा पकडला गेला, आणि १४५८ मध्ये सुटून परतल्यावर त्याने तुर्कांच्या चालीरीतींवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. १४८० च्या सुमारास तो रोममध्ये छापला गेला आणि १५३० मध्ये खुद्द मार्टिन ल्यूथरने त्याला प्रस्तावना लिहिली. प्रेझ्मेरच्या तटाची उंची ज्यांनी ठरवली त्यांच्या कानांवर अशा हकिकती पिढ्यान्‌पिढ्या पडत होत्या.

आता तो तट पाहू. चर्चभोवती जवळजवळ वर्तुळाकार फिरणारी ही भिंत सुमारे बारा मीटर उंच आणि तीन ते चार मीटर रुंद आहे. बाहेर पूर्वी पाण्याचा खंदक होता. आत शिरण्यास वाट एकच, आणि तीही सरळ दारातून नव्हे. सुमारे तीस मीटर लांबीच्या कमानदार बोळातून चालत जावे लागते, आणि या बोळात वरून खाली सोडण्याचा, लोखंडी टोकांचा जाळीदार दरवाजा आहे. दार फोडून शत्रू बोळात शिरला तरी हा दरवाजा कोसळताच तो अडकून पडावा, ही योजना. तटाच्या माथ्यावर, छपराखाली, फांजी पूर्ण वेढा घालते. तिच्यात जंग्या आहेत, आणि भिंतीच्या पायथ्याशी येऊन भिडलेल्या माणसांवर उकळते पाणी किंवा तापलेले डांबर ओतण्यासाठी बाहेरच्या अंगाला उघडणारी भोके आहेत. याच फांजीवर सॅक्सन ज्याला मृत्यूचा ऑर्गन म्हणत ते यंत्र ठेवलेले असे: एका फिरत्या लाकडी फळीवर ओळीने बसवलेल्या अनेक बंदुकांच्या नळ्या, एका बाजूच्या एकदम झाडायच्या आणि फळी उलटवून दुसरी बाजू पुढे करायची.

पण या वास्तूचे खरे वैशिष्ट्य तटाच्या बाहेरच्या अंगाला नाही, आतल्या अंगाला आहे. बोळ ओलांडून चौकात आलेल्या मराठी माणसाला पहिल्यांदा आठवण होईल ती गिरगावातल्या चाळीची. तटाच्या आतल्या बाजूस, तीन-चार मजल्यांवर, एकीला लागून एक अशा २७० हून अधिक खोल्या आहेत; त्यांच्या पुढून लाकडी सज्जे गेलेले आहेत, सज्ज्यांना लाकडी जिने टेकलेले आहेत, आणि प्रत्येक खोलीच्या छोट्या दारावर क्रमांक आहे. गावातल्या प्रत्येक घराण्याची खोली ठरलेली. संकट आले की ज्याने त्याने आपल्या खोलीत बिऱ्हाड करायचे. सोळाशे माणसे येथे राहू शकत. मात्र खोल्या केवळ संकटासाठी नव्हत्या. शत्रू तिथी सांगून येत नाही, हे जाणून गावकरी सुगी होताच धान्य घरी न ठेवता तटातल्या खोलीत आणून ठेवीत. घरच्या पेट्या, ठेवणीतले कपडे, खारवलेले मांस तेथेच. घर जळाले तरी वर्षाची बेगमी शिल्लक राही, आणि वेढा पडला तर रसद आधीच आत असे. मुलांची शाळासुद्धा तटातल्याच एका खोलीत भरे. वेढ्याच्या दिवसांतही पाठ चुकू नये, हा त्या समाजाचा आग्रह मला त्याच्या शौर्याइतकाच आदरणीय वाटतो.

आपल्याकडे गावाच्या रक्षणासाठी गढी असे, आणि धाड आली की रयत तिच्या आश्रयाला जाई. परंतु गढी देशमुखाची वा पाटलाची. रयत तेथे आश्रित म्हणून जाई आणि धाड ओसरली की परत फिरे. प्रेझ्मेरमध्ये आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा एकच होता. तटातली खोली कोणाच्या मेहेरबानीची नव्हती, वतनासारखी घराण्याच्या हक्काची होती. आणि त्या हक्काबरोबर तटाच्या दुरुस्तीचा व पहाऱ्याचा वाटाही नेमून दिलेला होता. दरमहा पगार खाणारी शिबंदी नसताना हे सर्व चालत कसे असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर सॅक्सन गावाच्या घडणीत आहे. प्रत्येक गाव आळ्यांत विभागलेले असे. आळीचा एक निवडलेला प्रमुख असे, ज्याला आळीचा बाप म्हणत. आळीची एक पेटी असे, तिच्यात नियमांचे दप्तर आणि दंडाचे पैसे. घर बांधणे, विहीर उपसणे, मयताला खांदा देणे, तटाची डागडुजी करणे, ही सारी कामे आळीची सामाईक. निरोप पोहोचवण्यासाठी कोरीव लाकडाची एक पट्टी असे. प्रमुखाने ती पहिल्या घरी द्यायची, पहिल्याने निरोपासह दुसऱ्याला द्यायची, आणि ती अडकवून ठेवील त्याला दंड. वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून आपापसांतली भांडणे मिटवायची आणि मगच प्रभुभोजनाच्या विधीस बसायचे. दगडी तटाआधी हा शिस्तीचा तट उभा होता.

या शिस्तीची एक काळी बाजू होती आणि तिच्याकडे डोळेझाक करणे इतिहासाला धरून होणार नाही. सनदेने दिलेले हक्क सॅक्सनांचे. त्याच मुलखात राहणाऱ्या रुमानियन कष्टकऱ्यांना त्यांत वाटा नव्हता. १४३७ च्या शेतकरी उठावाच्या वेळी हंगेरियन सरदार, सेकेली नावाची जमात आणि सॅक्सन या तिघांनी परस्परसाहाय्याचा करार केला आणि प्रांताचा कारभार आपसांत वाटून घेतला. रुमानियन त्यातून वगळले गेले. सॅक्सन गावात त्यांनी राहायचे ते वेशीबाहेर. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८१ मध्ये हुकूम काढून त्यांना या मुलखात मालमत्ता धारण करण्याचा अधिकार दिला, तोवर साडेतीन शतके लोटली होती. स्वातंत्र्याचा इतका पुरस्कार करणाऱ्या समाजाने शेजाऱ्याला ते नाकारावे, हा त्याच्या इतिहासावरील डाग आहे.

प्रेझ्मेरखेरीज इतर गावांचा उल्लेख ओझरताच करता येईल. बिएर्तान येथे डोंगरउतारावर तीन तटांच्या आत चर्च उभे आहे. १५७२ पासून १८६७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, सॅक्सनांच्या ल्यूथरपंथी धर्माध्यक्षाचे ठाणे तेथे होते. तेथील वेदीमागे अठ्ठावीस चित्रांचा फलक आहे, आणि मौल्यवान वस्तूंच्या कोठडीचे १५१५ मधील दार असे आहे की एक किल्ली फिरवताच चारही बाजूंनी डझनाहून अधिक अडसर एकदम सरकतात. ते १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडले गेले होते. व्हालेआ व्हिइलोर येथे चर्चच्या आतच विहीर आहे. दिर्झिऊ हे गाव सॅक्सनांचे नसून सेकेलींचे. तेथील चर्चच्या भिंतींवर १४१९ मधली संत लास्लोच्या कथेची चित्रे आहेत, आणि तेथील कोटात गावकरी आजही डुकराचे खारवलेले मांस टांगून ठेवतात. बिएर्तानला १९९३ मध्ये आणि प्रेझ्मेरसह आणखी सहा गावांना १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

प्रेझ्मेरच्या कोटाला पन्नास वेढे पडले असे परंपरा सांगते, आणि तो एकदाच शत्रूच्या हाती पडला, १६११ मध्ये. तो शत्रू तुर्क नव्हता. ट्रान्सिल्व्हेनियाचाच अधिपती गाब्रिएल बाथोरी होता, सनद पायदळी तुडवून सॅक्सन शहरे गिळंकृत करू पाहणारा. परक्याच्या धाडीपुढे टिकलेला कोट स्वदेशीच्या सत्तेपुढे पडावा, हे पुढच्या काळाचे पूर्वचिन्ह ठरले. अठराव्या शतकात हॅब्सबर्गांच्या अमलाखाली तुर्कांचे भय संपले आणि तटातल्या खोल्या निव्वळ अंबारे झाल्या. १८७६ मध्ये हंगेरीच्या कायदेमंडळाने सॅक्सनांची जुनी स्वायत्तता रद्द केली. साडेसहाशे वर्षांची सनद कागदाच्या एका ठरावाने निकालात निघाली. मग महायुद्धे आली. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीशी जुळवलेल्या नात्याची किंमत साऱ्या समाजाला मोजावी लागली: १९४५ च्या जानेवारीत सतरा ते पंचेचाळीस वयाचे पुरुष आणि अठरा ते तीस वयाच्या स्त्रिया सोव्हिएत संघातील खाणींवर आणि कारखान्यांत वेठीला नेण्यात आले, आणि त्यांतील अनेक परतले नाहीत. पुढे रुमानियातील साम्यवादी राजवटीने माणशी रक्कम घेऊन जर्मनांना पश्चिम जर्मनीस जाऊ दिले. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली तेव्हा सीमा खुल्या झाल्या, आणि पुढच्या एका वर्षात एक लाखाहून अधिक जर्मन देश सोडून गेले. आठशे वर्षांची गावे काही महिन्यांत रिकामी झाली. जे काम मोंगलांना आणि तुर्कांना साधले नाही ते उघड्या सीमेने केले.

मला या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच वाटते. राजाचा किल्ला राजा गेला तरी सरकारजमा होतो आणि कोणी ना कोणी त्याचा धनी राहतो. हे किल्ले गावाचे होते. गाव उठले तेव्हा त्यांना धनी उरला नाही. छपराची कौले वेळच्या वेळी फिरवणारी आळी नाही, पट्टी घेऊन दारोदार जाणारा माणूस नाही, दंड करणारा प्रमुख नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत रोआदेश येथील चर्चचा मनोरा कोसळला, आणि आठवडा उलटण्यापूर्वी रोटबाव येथील कोसळला. उरलेल्या थोड्या सॅक्सनांचे चर्चमंडळ, त्याने स्थापलेले प्रतिष्ठान, जर्मनीत गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळ्या आणि काही ठिकाणी गावात आता राहणारे रुमानियन शेजारी ही तटबंदी सांभाळण्याची खटपट करीत आहेत, आणि तिचा खर्च पुष्कळसा पाहुण्यांच्या प्रवेशमूल्यावर चालतो.

म्हणून शेवटी वाचकाला एक विनंती. रुमानियात जाणारे आपले प्रवासी ड्रॅक्युलाचा वाडा म्हणून दाखवला जाणारा ब्रानचा किल्ला आवर्जून पाहतात. तो जरूर पाहावा. तोही ब्राशोव्हच्या सॅक्सनांनी १३७७ मध्ये मिळालेल्या राजाच्या परवानगीने, आपल्या खर्चाने बांधलेला आहे, आणि ड्रॅक्युलाशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. पण ब्राशोव्हला मुक्काम असेल तर अर्धा दिवस प्रेझ्मेरसाठी काढावा. ते शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे.